निम्म्यावर आटवलेलं पाणी

२२ सप्टेंबर, रविवार

ही डायरी ह्यांना खताच्या दुकानातून फुकट मिळालेली. जानेवारीपासून कपाटावर पडून होती, एक कोपरा उंदरानं कुरतडलाय. प्रत्येक पानाच्या तळाला शेतीचा एकेक सल्ला छापलाय. आजचा: 'पाने पिवळी पडल्यास पिकास नत्र कमी पडले असे समजावे.' आमच्या उसाची पानं काळीभोर आहेत, तेव्हा सल्ला त्यांचा त्यांनी ठेवावा. मला कोरी पानं हवीत, कारण आज माझी नात घरी आली.

नाव त्रिशला, हाक तिशू. दोन महिने अकरा दिवसांची. सून अनुराधा सांबऱ्याची, बाळंतपण माहेरीच झालं. पोट फाडून बाळ काढलं, टाके चिघळले, औषधांवर औषधं, त्यात अंगावरचं दूध गेलं. आता डब्यातल्या पावडरीचं दूध. आठ दिवसांनी तिची बेळगावातली शाळा सुरू होते, बिनपगारी रजा आणखी देत नाहीत. म्हणून तिशू दिवाळीपर्यंत माझ्याकडं. "आई, दूध किती, कधी, सगळं लिहून ठेव, अनू रोज विचारणार," असं अरिहंत म्हणाला. लिहीन. मनातलंही लिहीन, इथं कोण वाचायला बसलंय!

गाडीतून बाळाच्या आधी काय उतरलं असेल? पाण्याचे दोन निळे कॅन.

"हे कशाला गं?"

"आत्या, दुधाच्या पावडरीला. डॉक्टर म्हणाले फिल्टरचं वापरा," सून म्हणाली.

"आमच्या घरात पाणी न्हाय व्हय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, मुनिमहाराज आले की त्यांच्या आहाराला पाणी आमच्या विहिरीचं जातं. नळाचं त्यांना चालत नाही, कॅनचं तर नावच नको. सासूबाईंच्या काळापासूनची ही रीत. यंदाच्या चातुर्मासात संघाचा आहार आमच्याकडं चार वेळा झाला. जे पाणी महाराजांच्या ओंजळीत चालतं ते हिच्या बाटलीत चालत नाही!

अरिहंत मधे पडला. "अनू, आई म्हणते तसं कर. ती उकळूनच देती की."

अनुराधा बाळाला घेऊन आत गेली. कॅन मी गोठ्यात ठेवायला सांगितले, वासराला होतील.

दूध: सहा वेळा. सगळं संपवलं माझ्या सोन्यानं.

२३ सप्टेंबर, सोमवार

अनुराधाला शेजारी उभं करून पाणी कसं करायचं ते दाखवलं. आंघोळ करून ओल्या लुगड्यानं विहिरीवर जायचं. घागरीच्या तोंडावर दुहेरी गाळणं, तेही दाट विणीचं. गाळून झाल्यावर गाळणं उलटं करून त्यातले जीव परत विहिरीत सोडायचे, वरून ओतायचं नाही, बादली पाण्याला टेकवून हळूच. एक जीव आपल्या हातून मरायला नको. मग पितळेच्या पातेल्यात चुलीवर निम्म्यावर येईपर्यंत आटवायचं. निम्मं झालं की पाणी हलकं होतं, बाळाला पचतं. सासूबाईंनी मला असंच शिकवलं.

"उकळी आली की पुरे ना, आत्या? गॅसवर पाच मिनिटांत होईल."

"पाच मिन्टांत मॅगी हुती," मी म्हटलं. हसली बिचारी. वाईट नाही पोरगी, पण शहरातली घाई.

विहिरीच्या कठड्यापर्यंत आता ऊस आलाय. ह्यांनी गेल्या पंधरवड्यात युरिया टाकला, मग आठ दिवस पावसानं झोडपलं, सगळा मुरला. गावात आमच्याएवढा ऊस कुणाचा नाही. त्या अंगाला उकिरडा, ह्या अंगाला ऊस, मधे विहीर. सगळं हाताशी.

तिशूला तेल लावायला शालूबाई येते. आमच्याच शेतावर खुरपायला असते, हात मोठा मऊ. तिचा स्वतःचा नातू चैत्रात गेला, दोन महिन्यांचा होता. काळानिळा पडून गेला. कुणी बाळदमा म्हटलं, कुणी काय. सून तंबाखूच्या वखारीत कामाला, अंगावर पाजायला वेळ कुठला, म्हशीच्या दुधात पाणी घालून पाजायच्या. आता त्यांच्या वस्तीतलं पाणी कसलं! म्हणून मीच माझ्या चुलीवरचं आटवलेलं पाणी रोज एक तपेली द्यायचे. तरी गेलं. माझी तपेली अजून तिच्याकडंच आहे, मागायला बरं वाटत नाही.

आज तिशूला मांडीवर घेतल्यावर शालूबाई एकदम रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, ही बी तुझीच नात." डोळे पुसून तेल लावायला लागली.

२९ सप्टेंबर, रविवार

अनुराधा गेली. गाडीत बसताना तीनदा परत उतरली. फ्रीजवर कागद चिकटवून गेलीय: दूध किती चमचे, पाणी किती. खाली 'फिल्टरचे' असं लिहून दोनदा रेघ मारलीय, शाळेतल्या पोरांना मारतात तशी. मी त्यावर दूधवाल्याचा कागद चिकटवला.

आता घर माझं आणि तिशूचं. दुधावरची साय म्हणतात ते उगीच नाही. अरिहंतच्या वेळी शेतात, घरात, सासूच्या धाकात पोर कसं वाढलं ते कळलंच नाही. अंगावर पीत पीत वाढला एवढं आठवतं. ही मात्र पुरेपूर माझी.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आशा कार्यकर्ती नागुबाई आलती. हातात पेटी, पेटीत काचेच्या नळ्या. पंचायतीनं गावातल्या विहिरी तपासायला सांगितल्यात म्हणे. आमचं पाणी नळीत घेतलं, कसलीशी पूड टाकली, हलवलं. पाणी छान गुलाबी झालं, जास्वंदीच्या अर्कासारखं. नागुबाईनं डब्यावरच्या रंगाशी जुळवून बघितलं.

"आक्का, ह्या विहिरीत नायट्रेट लई दावतंय. प्यायला नको म्हणत्यात."

"काय असतंय ते?"

"आता आम्हाला एका दिवसाचं ट्रेनिंग, तेवढं काय म्हाईत न्हाय. वाईट असतंय."

"आम्ही गाळून, उकळून पितो. निम्म्यावर आटवून."

"उकळून पिताय न्हवं? मग काय भ्या न्हाय," असं म्हणून तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि एक कन्नड चिठ्ठी माझ्या हातात ठेवून चहाला बसली.

मला कळत नाही असं नाही. सगळ्यांनी नळ घ्यावा म्हणून पंचायतीचं हे चाललंय. चिठ्ठी डायरीत खूण म्हणून घातली. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनीच रंगवलंय, पाणी उकळून प्या, आणि आता आम्हालाच शहाणपण शिकवायला आले.

दूध: सात वेळा. दुपारी थोडं ओकली.

७ ऑक्टोबर, सोमवार

तिशूचे ओठ काळसर वाटतात. उजेडात नेऊन बघितलं, तरी काळसर. शालूबाई म्हणाली, "आक्का, नखंबी बघा की. जांभळी हाईत." थंडी बाधली असेल. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. टोपडं घातलं, मोजे घातले.

ह्यांना दाखवलं. म्हणाले, "सावळी हुणार, माझ्यावर गेलीया." ह्यांना काय, ऊस काळा पडला तरी आनंद आणि नात काळी पडली तरी.

अनुराधाला फोनवर सांगितलं नाही. उगीच घाबरेल.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. आमच्यात हे मिथ्यात्व, खोटी श्रद्धा मानतात, बस्तीत प्रवचनात मीच पहिल्या रांगेत मान डोलावते. पण मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून दुसऱ्यांदा ओवाळायलाही मीच बसले. देवा, ह्या वेळी तेवढं माफ कर.

१० ऑक्टोबर, गुरुवार

निपाणीच्या डॉक्टरांनी तपासलं. खोकला नाही, ताप नाही, छाती साफ. बोटाला चिमटा लावला, आकडा बघून कपाळाला आठ्या. हृदयाला जन्मतः छिद्र असू शकतं, बेळगावला जाऊन फोटो काढा म्हणाले. तिथूनच अरिहंतला फोन लावला. अरिहंत आणि अनुराधा दोन तासांत आले. अनुराधा माझ्याकडं बघेना. "आत्या, कधीपासून?" एवढंच विचारलं. मी "कालपासून" म्हटलं. खोटं बोलले.

तिला घेऊन गेले. पाळणा रिकामा.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

हृदय चांगलं आहे! छिद्र नाही, काही नाही. बस्तीत जाऊन नारळ चढवला.

संध्याकाळी व्हिडिओवर दाखवली. सांबऱ्याला आहेत. ओठ गुलाबी, गाल गुलाबी, पाय झाडतेय. मागून विहीणबाईंचा आवाज, "इकडं आली की कशी खुलली बघा!" मी हसले. फोन ठेवला आणि आपट्याची पानं वाटायची राहिली ती राहिलीच. पोर बरी झाली म्हणून आनंद व्हायला पाहिजे. झालाच. पण माझ्याकडं काळी आणि त्यांच्याकडं गुलाबी, हे मनातून जाईना.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

रोज त्याचाच विचार. आमच्या घरात असं काय आहे? चुलीचा धूर? गॅसवर करीन. गोठा? लांब आहे. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली असेल का? आज निपाणीला जाऊन नवं जाड स्टीलचं पातेलं आणलं. गाळण्याला नवं कापड आणलं, ते चौपदरी केलं. पाळण्याच्या दोऱ्या धुतल्या. ह्यांना म्हटलं, "मी काय चुकले हो?" तर म्हणाले, "तू न्हाय चुकत. पोरीची तब्येत नाजूक."

मला एक शंका येते ती इथंच लिहिते. अनुराधाला पोर माझ्याकडं ठेवायचीच नव्हती. सांबऱ्याला ठेवायला निमित्त मिळालं. आईसारखी आई असून असा विचार करते, लाज वाटते. पण येतो तो येतो.

पानाखाली आज: 'लागवडीनंतर नत्राचा हप्ता चुकवू नये.' हे सकाळीच चार पोती घेऊन मळ्यात गेलेत.

२० ऑक्टोबर, रविवार

परत आली! विहीणबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, अनुराधाच्या शाळेत परीक्षा. दिवाळीला फक्त अकरा दिवस. अरिहंतनं पुन्हा दोन कॅन आणले. ह्या वेळी अनुराधानं माझे हात धरले, "आत्या, माझं ऐका, एवढे दिवस तरी हेच वापरा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी "बरं" म्हटलं.

बरं म्हटलं खरं. पण ती गेल्यावर कॅनचं झाकण उघडलं, तर कसला तरी प्लॅस्टिकचा वास. कुठं भरलेलं, कुणी भरलेलं, किती दिवसांचं, गाळलेलं तरी आहे का. आजारातून उठलेल्या पोरीला हे पाजू? हात धजेना. चूल पेटवली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

तिशूला पातळ जुलाब. पाचदा. पाणी बाधलं असणार म्हणून आज चौथाईवर आटवलं, चार तांब्यांचा एक तांब्या. सासूबाई म्हणायच्या, चौथाईचं पाणी औषध असतं. चमच्याचमच्यानं दिवसभर पाजत होते, जुलाबात अंगातलं पाणी कमी पडू नये म्हणून.

ओठ पुन्हा काळसर. मी मनाला सांगते, माझाच भास आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

शालूबाईनं तेल लावता लावता हात थांबवला. "आक्का, रागवू नगा. आमचं पोर बी जायच्या आदी असंच दिसायचं."

"तोंड सांभाळून बोल!" मी ओरडले. "तुमच्यात आणि आमच्यात फरक न्हाय व्हय? आमच्या घरात पाणी कसं असतंय तुला म्हाईत हाय!"

"व्हय आक्का. म्हाईत हाय की," असं म्हणाली आणि खाली मान घालून तेलाची वाटी धुवायला गेली. मला फार वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दूध पीत नाही. हाक मारली तर डोळे उघडत नाही. अरिहंतला फोन केला. वाट बघत नाही, ह्यांच्याबरोबर गाडी करून निघते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

परवाचं आज लिहिते. बेळगावच्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, पिशवीत कपड्यांबरोबर डायरीही आली.

गाडीत तिशू माझ्या मांडीवर होती. संकेश्वर गेल्यावर तिचा रंग बघवेना. राखेचा रंग तो. मी णमोकार म्हणत होते आणि मधेच विसरत होते. साठ वर्षं रोज म्हटलेला मंत्र विसरले.

दारातच आतून नर्स धावत आली. तोंडाला प्राणवायू लावला. मशीनवर आकडा पंच्याऐंशी. पूर्ण प्राणवायू सोडला तरी पंच्याऐंशीच. डॉक्टरीणबाई तरुण होती, अनुराधाच्या वयाची. तिनं तिशूच्या हातातून रक्त काढलं, आणि मी ते बघितलं. रक्त लाल नव्हतं. तंबाखू भिजवलेल्या पाण्यासारखं तपकिरी होतं.

डॉक्टरीण थबकली. नळी खिडकीशी नेऊन बघितली. मग माझ्याकडं वळली. "अज्जी, नीरु यावदु? पाणी कुठलं पाजता?"

तेव्हासुद्धा माझी मान ताठ होती. हेच मला राहून राहून आठवतं. म्हटलं, "आमच्या विहिरीचं. दुहेरी गाळून, निम्म्यावर आटवून. जुलाब लागल्यापासून चौथाईवर. मुनींच्या आहाराला चालतं ते पाणी."

"विहिरीजवळ शेत आहे?"

"ऊस."

तिनं डोळे मिटले, मग नर्सला कसलंसं औषध आणायला पिटाळलं.

अनुराधा आणि अरिहंत तोवर पोचले होते. डॉक्टरीण आम्हा सगळ्यांना म्हणाली, रागावून नाही, हळूच म्हणाली. खताचं, शेणामुताचं नत्र जमिनीतून विहिरीत उतरतं. त्याला नायट्रेट म्हणतात. मोठ्यांना लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात ते शिरलं की रक्ताला प्राणवायू धरताच येत नाही, अंगाला पोचवताही येत नाही. "अज्जी, उकळलं की जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं, हे पातेल्यातच राहतं. निम्मं आटवलं की दुप्पट. चौथाई केलं की चौपट."

चौपट. चमच्याचमच्यानं. दिवसभर.

अनुराधा ओरडली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी बरं. ती भिंतीला टेकून उभी होती. "आत्या, मी कॅन आणले होते," एवढंच म्हणाली. दोनदा नाही, एकदाच.

मग ते औषध आलं. निळं, दौतीतल्या शाईसारखं. अरिहंत म्हणाला, "आधीच निळी पडलीय आणि वर हे निळं घालताय?" डॉक्टरीणबाई घड्याळ बघत ते थेंबथेंब शिरेत सोडत राहिली. आम्ही काचेतून बघत होतो. मी देवाला म्हटलं, मला ने. लोक म्हणतात तसं वरवर नाही, खरंच म्हटलं. अर्ध्या तासानं तिचा एक कान गुलाबी झाला. आधी कान, मग ओठ. मग रडली. एवढा मोठा आवाज काढून रडली की नर्स हसायला लागली आणि मी जमिनीवरच बसले.

दुपारी लंगोट हिरवानिळा भिजला. औषध बाहेर पडतंय, असंच होतं म्हणाले.

काल सकाळी डॉक्टरीण कागद घेऊन आली, कलेक्टर ऑफिसला कळवावं लागतं म्हणाली. "गावात आणखी कुठलं लहान बाळ ह्या विहिरीच्या पाण्यावर आहे का?"

"न्हाय," मी म्हटलं.

आत्ता नाही, हे खरंच आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

तिशू वाचली. सगळं व्यवस्थित आहे, मेंदूला धक्का नाही असं वाटतंय, तरी सहा महिने दाखवत राहायचं. अनुराधानं मला तिला घेऊ दिलं नाही. "आत्या, झोपलीय ती," म्हणाली. जागी होती.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

घरी. आल्या आल्या डायरीतली ती कन्नड चिठ्ठी काढून वाचली. छापलेलं थोडं, त्यात 'नायट्रेट', पुढं आकडा, आणि शेवटी 'कुडियलु योग्यविल्ल'. प्यायला योग्य नाही. मला कन्नड वाचता येतं. चौथीपर्यंत शिकलेय. वाचलं नव्हतं.

मग मागची पानं चाळली. दूध किती वेळा ते बघायला चाळली, असं स्वतःला सांगितलं. तेवीस सप्टेंबरचं पान आलं. मीच लिहिलंय. रोज एक तपेली. काळानिळा पडून गेला. तरी गेलं, असं लिहिलंय. माझ्याच अक्षरात, कुठं खाडाखोडसुद्धा नाही.

पान फाडायला हात घातला होता. खरं ते लिहिते. घातला होता.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी. निर्वाण लाडू चढवायला बस्तीत गेले, तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं की आहाराला आता आमच्या विहिरीचं पाणी नको. कुणी म्हणालं, चाळीस वर्षं चाललं ते आता का नको? कुणी म्हणालं, अक्काताई, घरातलं दुःख आहे, समजतो आम्ही. ह्यांनी घरी येऊन मला झापलं, "गावात विहिरीची अब्रू घालवलीस." म्हटलं, "तुमच्या उसाची न्हाय ना गेली?" त्यावर ताटावरून उठले.

मुलं आली नाहीत. फोनवर तिशू दाखवली. दंडावर टोचल्याची जागा अजून हिरवट आहे.

बेसनाचे लाडू केलेत, खायला कुणी नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

मी घरी आल्यापासून शालूबाई शेतावर येत होती आणि मी तिला टाळत होते. ती अंगणात आली की मी माडीवर. आज तीच वर आली, पदरात चार सीताफळं घेऊन. "नात वाचली म्हणं, आक्का! लई ब्येस झालं. म्या भैरोबाला नवस बोललोतो." त्या दिवशीचं माझं ओरडणं तिच्या मनातच नव्हतं. खाली बसली आणि विचारलं, "काय झालतं ओ तिला?"

म्हणता आलं असतं की छातीचं होतं. जीभ तिकडंच वळली होती.

सांगितलं. विहीर, खत, आटवणं, दुप्पट, चौपट. ती ऐकत होती, मधेमधे "आगं बया" म्हणत होती, तिशूसाठी हळहळत होती. तिच्या लक्षात येईना. मग मला पुढचंही सांगावं लागलं. "शालू, तुझ्या नातवाला मी जे पाणी द्यायची, ते तेच पाणी."

तिनं पदरातलं एक सीताफळ काढलं आणि परत ठेवलं.

"पर ते तर लई चांगलं पाणी हुतं," ती म्हणाली.

"न्हवतं."

"म्होतारीनं सुनंला शिव्या घातल्या ओ, आक्का. म्या. तूच पोराकडं बगितलं न्हाईस, तुज्या हाताला तंबाखू हुता, त्येचंच इख बादलं, म्हणून. ती त्या दिसापासनं माहेरला हाय."

मी तिच्या पायाला हात लावायला गेले तर पाय मागं घेतले.

"आणि ते निळं औशीद," म्हणाली. "आमाला मिळालं असतं?"

"दवाखान्यात नेलं असतं तर."

"नेलं न्हाय," ती म्हणाली. "तुमच्याकडं आणलंतं. तुम्ही म्हणला, ह्यो घे तपेलीभर पाणी, चमच्यानं पाज."

मला हे आठवत नव्हतं. आत्ता लिहिताना आठवलं. चैत्रात ती दारात उभी होती, पोर पदराखाली होतं, मी पदर सारून त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही. घाईत होते, महाराजांचा आहार होता.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज शालूबाई कामाला आली नाही. दुपारी आली ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. हातात माझी तपेली. चिंच लावून घासलेली, अशी लखलखीत की माझ्या घरात कधी घासली नसेल.

"ही तुमची, आक्का. जपून ठिवलीती. जाताना त्येच्या तोंडात शेवटचं पाणी ह्यातलंच घातलं, म्हणलं चांगलं पाणी घिऊन जाऊ दे."

तपेली पायरीवर ठेवली. सुनेला आणायला चाललीय म्हणाली, एसटी गाठायची होती. मी मागून विचारलं, "शालू, पोराचं नाव काय होतं?" सहा महिने मी 'तुझं पोर' म्हणत होते.

"भरमू," न वळता म्हणाली.

डायरीच्या पानाखाली आज छापलंय: 'अतिपावसात नत्र जमिनीतून वाहून जाते, म्हणून मात्रा वाढवून द्यावी.' कुठं वाहून जातं ते छापलेलं नाही. मी पेनानं खाली लिहिलं.

संध्याकाळ होत आली, दिवेलागणीच्या आधी जेवण उरकायला हवं. तपेली अजून पायरीवरच आहे. आत घ्यायला हात होत नाही.